मॅजिक: द गॅदरिंग – डेक कसा बांधायचा, लँड किती घ्यायच्या, माना कसा सांभाळायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मॅजिक हा पत्त्यांचा खेळ: डेक म्हणजे आपण निवडलेल्या कार्डांचा गठ्ठा, माना म्हणजे कार्डं खेळायला मोजायची किंमत, लँड म्हणजे तो माना देणारी कार्डं. तो खेळायला लागलेल्या लोकांकडून हेच प्रश्न फिरून फिरून येतात, म्हणून सगळे एका जागी लिहून ठेवतोय. आधी सोपे, मग थोडे अवघड, शेवटाकडे नियमांतल्या खाचाखोचा. जे एकदा सांगितलंय ते परत लिहिलेलं नाही, तिथे प्रश्नाचा नंबर दिलाय. एक गोष्ट मात्र बऱ्याच उत्तरांत डोकावेल कारण माझं त्यावर ठाम मत आहे: "आज नशीबच नव्हतं" म्हणून आपण जे डाव सोडून देतो त्यातले खूपसे डाव आदल्या रात्री घरी बसून लँड कमी करताना हरलेले असतात.

१. मी एकदम नवीन आहे. डेकमध्ये किती कार्डं लागतात आणि त्यात काय काय असतं?

नेहमीच्या खेळात, म्हणजे स्टँडर्ड, पायोनियर, मॉडर्न वगैरे फॉरमॅटमध्ये (कुठली कार्डं चालतात ते ठरवणारे खेळाचे प्रकार), कमीत कमी ६० कार्डं. एका नावाच्या जास्तीत जास्त ४ कॉपी, बेसिक लँडला ही मर्यादा नाही. बेसिक लँड पाच ओळखीच्या: प्लेन्स पांढरा माना देते, आयलंड निळा, स्वॉम्प काळा, माउंटन लाल, फॉरेस्ट हिरवा. बाकी डेकमध्ये क्रीचर, सॉर्सरी, इन्स्टंट, आर्टिफॅक्ट, एन्चँटमेंट, प्लेन्सवॉकर असं काहीही. सुरुवातीला हातात ७ कार्डं, २० लाइफ, आणि दोघांच्या खेळात जो पहिला खेळतो त्याला पहिल्या टर्नला कार्ड ओढायला मिळत नाही. हे शेवटचं लक्षात ठेवा, प्रश्न ११ मध्ये त्याचा हिशोब येतो.

२. माना आणि लँड यात नक्की फरक काय? या टर्नचा उरलेला माना पुढच्या टर्नला वापरता येतो का?

लँड म्हणजे विहीर आणि माना म्हणजे त्यातून आज काढलेलं पाणी. लँड टेबलावर कायम राहते, माना काढताना ती आडवी करतात म्हणजे टॅप करतात, दर टर्नला ती परत सरळ म्हणजे अनटॅप होते, माना मात्र तेवढ्यापुरता. साठवता येत नाही. टर्नचा एक टप्पा संपला की न वापरलेला माना नाहीसा होतो. पूर्वी उरलेल्या मानामुळे लाइफ पण जायचं, त्याला माना बर्न म्हणायचे, २००९ मध्ये मॅजिक २०१० या सेटसोबत तो नियम काढून टाकला. त्यामुळे कोणी जुना खेळाडू "लाइफ कमी कर" म्हणाला तर तो मुद्दाम फसवत नसतो, जुना नियम डोक्यात राहिलेला असतो.

दर टर्नला हातातून एकच लँड टाकता येते, आपल्याच टर्नला, आणि लँड टाकणं म्हणजे स्पेल (माना देऊन खेळलेलं कार्ड) नाही त्यामुळे समोरचा ती काउंटर म्हणजे रद्द करू शकत नाही. अख्खा खेळ या एका लँडच्या नियमावर उभा आहे. तिसऱ्या टर्नला तिसरी लँड नसेल तर तुम्ही एक टर्न मागे पडलात, आणि ती एक लँड मागाहून भरून काढायला कुठलीच साधी सोय नाही.

३. माझ्याकडे भारी कार्डं खूप आहेत, मग ७५-८० कार्डांचा डेक केला तर काय बिघडलं?

नियमाने काहीच बिघडत नाही, वरची मर्यादाच नाही, फक्त तुम्हाला तो कोणाच्या मदतीशिवाय ठीक वेळात पिसता आला पाहिजे. बिघडतं ते वेगळंच. ज्या कार्डाभोवती डेक बांधलाय त्याच्या ४ कॉपी ६० मध्ये असतील तर पहिल्या ७ कार्डांत निदान एक येण्याची शक्यता साधारण ४० टक्के. तेच ४ जण ८० मध्ये असतील तर ३१ टक्के. म्हणजे एकसष्टावं कार्ड घालताना आपण आपल्या सगळ्यात चांगल्या कार्डाला थोडं मागे ढकलतोय. आणि ते एकसष्टावं कार्ड कधीच आपलं सगळ्यात चांगलं कार्ड नसतं, ते काढायला जिवावर आलं म्हणून राहिलेलं असतं. ६० म्हणजे ६० ठेवा. याला दोन खरे अपवाद आहेत, ते प्रश्न १७ मध्ये.

४. लँड किती घ्यायच्या ते एकदाच आकडा सांगून टाक ना दादा.

२४. आता का ते वाचा, कारण हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि सगळ्यात जास्त चुका पण इथेच होतात.

६० मध्ये २४ लँड असतील तर पहिल्या ७ कार्डांत २, ३ किंवा ४ लँड येण्याची शक्यता साधारण ७७ टक्के आहे, म्हणजे चारातले तीन हात खेळण्यासारखे. एक किंवा शून्य लँड येण्याची शक्यता १४ टक्के, आणि पाच किंवा जास्त येण्याची ८ टक्के. आता यातल्या ४ लँड काढून त्याजागी "मजेदार" कार्डं घातली, म्हणजे २० लँड, तर एक किंवा शून्य लँडचा हात येण्याची शक्यता थेट २५ टक्क्यांवर जाते. दर चौथा हात! आणि मग तेच लोक मेसेज करतात की मला लँडच येत नाहीत.

तरी २४ हा काही दगडावरचा आकडा नाही. अगदी झटपट मारणारा लाल डेक, ज्यात सगळं एक-दोन मानाचं आहे आणि चार मानाचं कार्ड एखाद-दुसरंच, तो २० ते २२ वर मजेत चालतो. वरचा २५ टक्क्यांचा धोका तो पत्करतो कारण त्याला दोन लँडवर जगता येतं. लांबवर खेळणारा कंट्रोल डेक, ज्याला पाचवी सहावी लँड न चुकता हवी, तो २६-२७ घेतो. मधले सगळे २४-२५. हिशोब उलटीकडून करा: मला चौथ्या टर्नला चार लँड हव्याच आहेत का? पहिला खेळत असाल तर तोवर १० कार्डं बघितलेली असतात आणि २४ लँडच्या डेकमध्ये त्यात चार किंवा जास्त लँड असण्याची शक्यता साधारण ६३ टक्के. लक्षात घ्या, २४ घेऊनसुद्धा फक्त ६३. म्हणून ज्याच्या डेकमध्ये चार-पाच मानाची कार्डं भरपूर आहेत आणि लँड २२ आहेत त्याला मी एकच गोष्ट सांगतो, आधी दोन लँड घाल मग बाकीचं बोलू.

५. माना कर्व्ह काढा असं सगळे म्हणतात, तो काढतात कसा आणि बघायचं काय?

लँड सोडून सगळी कार्डं टेबलावर काढा, एक मानाची एका रांगेत, दोनची दुसऱ्या, तीनची तिसऱ्या, असं. वरून बघितलं की टेकडीसारखा आकार दिसतो तोच कर्व्ह. बऱ्याच डेकसाठी उंच जागा दोन-तीन मानावर हवी आणि मग उजवीकडे उतार. नवीन माणसाच्या डेकमध्ये उंची पाच-सहावर असते कारण मोठे ड्रॅगन तिथेच असतात, आणि मग पहिले तीन टर्न काही न करता जातात.

ही कल्पना १९९६ च्या सुमारास रुळली, पॉल स्लाय नावाच्या खेळाडूने एक लाल डेक खेळवला, जो जे श्नायडरने बांधलेला, त्यातली कार्डं एकेकटी बघितली तर अगदी साधी, काही तर लोक फुकट देऊन टाकायचे अशी. पण दर टर्नला जेवढा माना आहे तेवढा सगळा वापरला जाईल अशी मांडणी होती. महाग कार्डांच्या डेकला तो हरवायचा कारण समोरच्याचा पहिल्या तीन टर्नचा माना वाया जायचा आणि याचा नाही.

असं मोजा: चार टर्नमध्ये तुम्हाला १+२+३+४ म्हणजे एकूण १० माना मिळतात. त्यातले किती खरंच वापरले? दहाच्या दहा वापरणारा साधा डेक, चार वापरणाऱ्या भारी डेकला बहुतेक वेळा हरवतो. पुढच्या पाच डावांत हे कागदावर लिहून बघा, डोळे उघडतात.

६. मला एकतर लँड येतच नाहीत नाहीतर नुसत्या लँडच येतात. पिसण्यात चुकतंय का? दोन कार्डांमागे एक लँड असं लावून ठेवलं तर चालेल?

आधी प्रश्न ४ बघून लँड मोजा. दहातल्या सात जणांचं उत्तर तिथेच मिळतं.

मग पिसणं. डाव संपला की टेबलावरच्या लँडचा गठ्ठा तसाच डेकमध्ये जातो, तो नीट फुटला पाहिजे. साध्या ५२ पत्त्यांच्या कॅटसाठी डेव्ह बेयर आणि पर्सी डायकोनिस या गणितज्ञांनी १९९२ मध्ये दाखवलं की पत्ते नीट मिसळायला साधारण सात वेळा रिफल (दोन भागांच्या कडा एकमेकांत सोडून पिसणं) करावं लागतं. स्लीव्हमधली (प्लॅस्टिकच्या पाकिटातली) ६० कार्डं रिफल होत नाहीत, दोन भाग करून एकमेकांत कडेने घुसवतो आपण, ते सात-आठ वेळा करा. रमी खेळताना पिसतो तसं वरची कार्डं खाली नुसतं दोन-तीनदा केलं तर काहीही मिसळत नाही.

लँड लावून ठेवायची गोष्ट मात्र करू नका. लावून मग नीट पिसलं तर लावण्याचा काही उपयोग उरत नाही, आणि नीट पिसलं नाही तर ती सरळ फसवणूक आहे, स्पर्धेत त्यासाठी बाहेर काढतात. समोरच्याचा डेक पिसायचा हक्क आपल्याला असतो, तो वापरा, त्यात अपमान वाटून घ्यायचं काही कारण नाही.

७. दोन रंगांचा डेक आहे, कुठल्या रंगाच्या लँड किती? आणि तीन रंग करू का?

लोक कार्डं मोजतात, १४ लाल २२ हिरवी, आणि त्या प्रमाणात लँड वाटतात. सुरुवात म्हणून ठीक, पण कार्डं न मोजता त्यांच्यावरची मानाची चिन्हं मोजा, आणि त्यातही पहिल्या दोन टर्नला खेळायची कार्डं कुठल्या रंगाची आहेत त्याला जास्त वजन द्या. पहिल्याच टर्नला लाल माना हवा असेल आणि डेकमध्ये लाल माना देणाऱ्या ९ लँड असतील तर पहिल्या ७ कार्डांत निदान एक असण्याची शक्यता ७० टक्के. १२ असतील तर ८१. १४ असतील तर ८६. म्हणून ज्या रंगाचं एक मानाचं कार्ड आहे त्याच्या १४ लँड धरून चाला, आणि दुसऱ्या रंगातलं एक मानाचं कार्ड शक्यतो घेऊच नका. काउंटरस्पेलसारखं (समोरच्याचं स्पेल रद्द करणारं कार्ड), ज्यात दोन्ही माना निळेच लागतात आणि तेही दुसऱ्या टर्नला, ते १२-१२ अशा बेसिक लँडच्या डेकमध्ये हातात अडकून बसतं.

एका रंगाच्या १४ आणि दुसऱ्याच्या १२ धरल्या तर २६ झाले, लँड तर २४, असं लगेच कोणीतरी विचारतं. दोन्ही रंग देणारी लँड दोन्हीकडे मोजायची असते, म्हणून तर तिला एवढी किंमत. तीन रंग हवे असतील तर अशा लँड भरपूर हव्या, त्या नसतील तर दोनच रंग खेळा. नुसत्या बेसिकवर तीन रंगांचा डेक मी कोणालाच सुचवणार नाही.

८. टॅप होऊन येणाऱ्या लँड घेतल्या तर स्लो होतो, नाही घेतल्या तर रंग मिळत नाही. मग?

टॅप होऊन येणारी लँड म्हणजे रंग उधारीवर घेतला आणि त्याचं व्याज एक माना भरलं. पहिल्या टर्नला काही खेळायचंच नसेल तर ते व्याज शून्य, म्हणून एक मानाची कार्डं नसलेल्या डेकला ४ ते ६ अशा लँड सहज पचतात. झटपट डेकला दोनसुद्धा जड. स्टीम व्हेंट्ससारख्या शॉक लँड मधला रस्ता देतात, २ लाइफ द्या आणि अनटॅप आणा, नाहीतर टॅप होऊन येऊ द्या. खेळताना सवय एकच: हात बघून आधी ठरवा की टॅप होणारी लँड कुठल्या टर्नला टाकायची, नाहीतर नेमकी चौथ्या टर्नला, चार मानाचं कार्ड हातात असताना, तीच एक उरते.

९. लॅनोवार एल्व्ह्जसारखी माना देणारी क्रीचर आहेत, मग लँड कमी करता येतील ना?

थोड्या. अशी आठ असतील तर एक, फार तर दोन लँड कमी. कारण साधं आहे, एल्फ खेळायलाच आधी लँड लागते आणि समोरचा पहिला लाइटनिंग बोल्ट (छोटं क्रीचर मारणारं कार्ड) त्याच्यावरच टाकतो. टाकायलाच हवा, मी पण टाकतो. एका लँडचा आणि दोन एल्फचा हात बघून लोक खूश होतात, एल्फ मेला की पुढचे चार टर्न हात बघत बसतात.

१०. चांगल्या कार्डाच्या चार कॉपी घ्यायच्याच असा नियम आहे का?

नियम नाही. जे कार्ड दर डावात आणि तेही लवकर हवं ते ४. जे हवं पण दोन एकदम आली तर अडचण, ते ३ किंवा २. लेजंडरी क्रीचर इथे येतात कारण एकाच नावाची दोन लेजंडरी एकावेळी तुमच्याकडे राहू शकत नाहीत, एक ठेवून दुसरी ग्रेव्हयार्डमध्ये (बाद कार्डांच्या ढिगात) जाते. सहा-सात मानाचं डाव संपवणारं कार्ड १ किंवा २ पुरतं. ४ कॉपी असूनसुद्धा पहिल्या १० कार्डांत निदान एक दिसण्याची शक्यता ५३ टक्केच असते. त्यामुळे "एकच ठेवलंय, आलं तर मजा" असल्या कार्डावर अख्खा डेक उभा करू नका.

११. मलिगन कधी घ्यायचा? दोन लँडचा हात ठेवू का?

मलिगन म्हणजे सुरुवातीचा वाईट हात परत करून नवा घेणं. आताचा मलिगन, लंडन मलिगन म्हणतात तो, २०१९ पासून आहे. परत ७ कार्डं ओढायची आणि जितक्यांदा मलिगन घेतला तितकी कार्डं आपल्या पसंतीने डेकच्या तळाशी ठेवायची. त्यामुळे ६ चा हात पूर्वीइतका वाईट राहिला नाही, पण भीती मात्र लोकांच्या मनात तशीच राहिलीय.

दोन लँडच्या हाताचा हिशोब २४ लँडच्या डेकमध्ये असा: तुम्ही पहिले खेळताय तर तिसऱ्या टर्नपर्यंत दोन कार्डं ओढता, त्यात तिसरी लँड मिळण्याची शक्यता ६६ टक्के. दुसरे खेळताय तर तीन कार्डं, शक्यता ८१ टक्के. म्हणजे तोच हात दुसरं खेळताना मी डोळे झाकून ठेवतो, पहिलं खेळताना बाकीची पाच कार्डं एक-दोन मानाची असली तरच. आणि एक लँडचा हात? पहिलं खेळताना दुसऱ्या टर्नला दुसरी लँड मिळण्याची शक्यता ४३ टक्के, आणि दुसरी तिसरी दोन्ही वेळेवर मिळण्याची १८. परत करा तो हात. त्यातली बाकीची सहा कार्डं कितीही सुंदर असली तरी परत करा.

सहा लँड आणि एक कार्ड, हाही परत. पाच लँड आणि दोन चांगली कार्डं मी ठेवतो.

१२. दर टर्नला सगळा माना वापरून टाकावा की इन्स्टंटसाठी मागे ठेवावा?

प्रश्न ५ मध्ये म्हटलं की माना वाया घालवू नका, मग मागे ठेवणं म्हणजे वाया घालवणंच नाही का, असं लोक विचारतात. इन्स्टंट हातात असेल तर नाही, तो समोरच्याच्या टर्नला वापरला जातो. उत्तम डेक असे बांधलेले असतात की मागे ठेवलेला माना दोन ठिकाणी कामाला येतो: समोरच्याने मोठं काही खेळलं तर काउंटर करा, नाही खेळलं तर त्याच्या टर्नच्या शेवटी इन्स्टंटनेच दोन कार्डं ओढा.

कुठली लँड टॅप करताय तेही बघा. दोन माउंटन दोन आयलंड आहेत, हातात काउंटरस्पेल आणि एक लाल अधिक एक कुठलाही असं दोन मानाचं क्रीचर. दोन्ही माउंटन टॅप करा! घाईत एक माउंटन एक आयलंड टॅप केली की काउंटरस्पेल गेलं. ही चूक फार साधी आहे आणि यानेच मी कितीतरी डाव पालटलेले बघितलेत.

लँड हातात राखायची का हा याचाच भाऊ. हातातल्या सगळ्यात महाग कार्डाइतकी लँड खाली उतरेपर्यंत दर टर्नला टाका. त्यापुढची एखाद-दुसरी हातात ठेवा, समोरच्याला ती लँड आहे की स्पेल ते कळत नाही, आणि कोणी कार्ड टाकून द्यायला लावलं तर द्यायला काहीतरी असतं.

१३. लाइफ पण रिसोर्स आहे म्हणतात. म्हणजे मुद्दाम लाइफ घालवायचं?

हो, काहीतरी विकत घेत असाल तर. १९९५ च्या आइस एज सेटमधलं नेक्रोपोटन्स याचं सगळ्यात मोठं उदाहरण: एक लाइफ द्या, एक कार्ड घ्या, कितीही वेळा. लोकांना सुरुवातीला ते बेकार कार्ड वाटलं आणि मग त्याने स्पर्धा गाजवल्या, कारण १९ लाइफवर आणि १ लाइफवर तुमचं क्रीचर तेवढंच जोरात मारतं. पण समोर कोण आहे ते बघून. लाल डेकसमोर शॉक लँडचे दोन-दोन लाइफ देत सुटलात तर त्याचे दोन टर्न तुम्हीच वाचवून दिलेत.

१४. कार्ड जास्त असणं चांगलं की वेगाने खेळणं?

डेकवर आहे. डिव्हिनेशन घ्या, ३ माना, २ कार्डं ओढा. एक कार्ड देऊन दोन घेतली, फायदा. पण तिसऱ्या टर्नचा अख्खा माना गेला आणि टेबलावर काहीच आलं नाही, समोरच्याने तेवढ्यात तीन मानाचं क्रीचर उतरवलं. लांबणारा डाव असेल तर कार्डं जिंकतात, छोटा असेल तर वेग. आपला डेक कुठल्या बाजूचा आहे ते आधी ठरवा, दोन्ही अर्धे अर्धे असलेला डेक दोन्हीकडून मार खातो.

१५. ड्राफ्टला (तिथल्या तिथे पाकिटं फोडून कार्डं निवडतात त्या प्रकाराला) ४० कार्डांत किती लँड?

१७. कर्व्ह अगदी खाली असेल तर १६. १५ वर जायच्या आधी प्रश्न ४ परत वाचा.

१६. कमांडरसाठी हे सगळं तसंच लागू होतं का?

बरंच बदलतं. या फॉरमॅटमध्ये एक लेजंडरी क्रीचर डेकचा म्होरक्या, म्हणजे कमांडर असतो. तो धरून बरोबर १०० कार्डं, बेसिक सोडून प्रत्येकाची एकच कॉपी, ४० लाइफ, आणि बहुतेक वेळा चौघं खेळतात. लँड ३६ ते ३८ आणि त्याशिवाय माना वाढवणारी दहाएक कार्डं, हे माझं सुरुवातीचं माप. सोल रिंग सगळेच घालतात, एक मानात येते आणि दर टर्नला दोन रंगहीन माना देते. पण ती धरून लँड कमी करू नका, १०० मध्ये ती एकच आहे. "सोल रिंग बॅन झाली का" असंही विचारतात: सप्टेंबर २०२४ मध्ये माना क्रिप्ट, ज्वेल्ड लोटस, डॉकसाइड एक्स्टॉर्शनिस्ट आणि नादू बॅन झाले, सोल रिंग त्या यादीत नव्हती. अनेकजण खेळतात तेव्हा पहिला मलिगन फुकट असतो, त्यामुळे प्रश्न ११ मधला कडकपणा इथे अजून कडक ठेवा, वाईट हात ठेवायचं काही कारणच नाही.

लोक फसतात ते कलर आयडेंटिटीला, म्हणजे कमांडरच्या रंगांबाहेरचं कार्ड डेकमध्ये चालत नाही या नियमाला. कार्डाच्या मजकुरात कुठेही दुसऱ्या रंगाचं माना चिन्ह असलं तरी ते मोजतात. लँडवर बेसिकचा प्रकार लिहिलेला असेल तर तोही रंग धरतात, म्हणून आयलंड आणि माउंटन दोन्ही असलेली स्टीम व्हेंट्स नुसत्या लाल डेकमध्ये चालत नाही. पण स्कॅल्डिंग टार्न चालते! ती आयलंड किंवा माउंटन शोधते खरी, पण तिच्यावर माना चिन्हच नाही, त्यामुळे तिला रंगच नाही. हा प्रश्न विचारणाऱ्यांपैकी जवळजवळ सगळ्यांना हे उलटं वाटत असतं.

१७. चारच कॉपी, साठच कार्डं, हे नियम कुठे मोडतात?

चार कॉपीचा नियम कार्डावरच्या मजकुराने मोडतो. रिलेंटलेस रॅट्स कितीही घ्या. सेव्हन ड्वॉर्व्ह्ज सातपर्यंत. नाझगूल नऊपर्यंत. स्नो-कव्हर्ड बेसिक आणि वेस्ट्स यांनाही मर्यादा नाही कारण त्याही बेसिक लँडच. उलट बाजूने, व्हिंटेज या फॉरमॅटमध्ये ब्लॅक लोटससारखी कार्डं फक्त एक. आणि हे फार लोक विसरतात: ४ ची मोजणी मेन डेक आणि १५ चा साइडबोर्ड (दोन डावांच्या मध्ये बदलायची राखीव कार्डं) मिळून होते, मेनमध्ये ४ आणि साइडला अजून १ असं नाही चालत. चित्र वेगळं, सेट वेगळा, तरी नाव एक असेल तर एकच कार्ड धरतात.

मोठ्या डेकचे दोन अपवाद. योरिऑन हे क्रीचर कंपॅनियन (डेकबाहेर राहणारं जोडीदार कार्ड) म्हणून हवं असेल तर किमान आकड्यापेक्षा २० कार्डं जास्त लागतात, म्हणजे ८०. आणि बॅटल ऑफ विट्स, २००१ च्या ओडिसीमधलं, तुमच्या अपकीपला (टर्नच्या सुरुवातीच्या टप्प्याला) लायब्ररीत (ओढायच्या गठ्ठ्यात) २०० किंवा जास्त कार्डं असतील तर तुम्ही जिंकलात. या दोन डेकमध्ये प्रश्न ३ विसरा, पण लँडचं प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपासच ठेवा, ८० ला साधारण ३२.

१८. एक्स असलेल्या कार्डाची किंमत कर्व्हमध्ये किती धरू? आणि मागच्या बाजूला लँड असलेलं कार्ड लँड म्हणून मोजू का?

एक्स म्हणजे खेळताना तुम्ही ठरवाल तेवढा माना. नियमाने त्याची किंमत स्टॅकवर (खेळलेलं पण अजून लागू न झालेलं) असताना तुम्ही दिली तेवढी, बाकी सगळीकडे शून्य. म्हणून एक्स आणि एक लाल असलेलं फायरबॉल डेकमध्ये असताना एक मानाचं धरलं जातं, आणि एखाद्या इफेक्टने ते फुकट खेळायला मिळालं तर एक्स शून्यच. पण कर्व्ह काढताना तुम्ही ते खरंच कितीला खेळणार त्या रांगेत ठेवा, माझ्याकडे ते पाचच्या रांगेत असतं.

हवी ती बाजू खेळता येणारी दोन बाजूंची कार्डं २०२० च्या झेंडिकार रायझिंगपासून आली, उदाहरणार्थ शॅटरस्कल स्मॅशिंग, पुढे सॉर्सरी मागे लँड. मी अशी दोन म्हणजे एक लँड धरतो, ज्या अनटॅप येऊ शकतात त्यांना थोडं जास्त वजन. खाच अशी की हातात आणि डेकमध्ये असताना ते कार्ड फक्त पुढच्या बाजूचं मानतात, त्यामुळे "लँड शोधा" म्हणणाऱ्या कार्डाने ते शोधता येत नाही.

१९. मी पोकेमॉन खेळतो, भाऊ हार्थस्टोन. आम्हाला यातलं काय कामाचं?

पोकेमॉनमध्ये बरोबर ६० कार्डं, एका नावाची ४, बेसिक एनर्जी कितीही, दर टर्नला हातातून एकच एनर्जी लावायची आणि एकच सपोर्टर खेळायचा. खरी मेख सहा प्राइझ कार्डांत आहे, ती सुरुवातीलाच डेकमधून बाजूला जातात, म्हणजे एकच कॉपी असलेलं कार्ड प्राइझमध्ये अडकण्याची शक्यता १० टक्के. म्हणून महत्त्वाच्या गोष्टीच्या दोन कॉपी. मोबाइलवरच्या पॉकेटमध्ये २० कार्डांचा डेक आणि एनर्जी आपोआप येते, तिथे लँडसारखी काळजीच नाही.

हार्थस्टोनमध्ये ३० कार्डं आणि दर टर्नला एक माना क्रिस्टल आपोआप, दहापर्यंत. प्रश्न ४ लागत नाही पण प्रश्न ५ शंभर टक्के लागतो. यू-गी-ओमध्ये माना हा प्रकारच नाही, ४० ते ६० कार्डं, ३ कॉपी, हातातली कार्डं हेच भांडवल, तिथे प्रश्न १४ वाचा.

२०. अरीनावर (ऑनलाइन मॅजिकवर) वाइल्डकार्ड, म्हणजे देऊन हवं ते कार्ड घेता येतं ती, कशावर खर्चू? सगळी संपली आणि डेक अर्धाच झाला.

आधी एकच डेक पूर्ण करा, मगच दुसऱ्याकडे बघा. आणि रेअर वाइल्डकार्ड आधी दोन रंगांच्या लँडवर. कंटाळवाणं वाटतं मला माहितीय, पण तो ड्रॅगन एका डेकमध्ये जाईल, लँड त्या रंगांच्या प्रत्येक डेकमध्ये जाईल. स्टँडर्डची कार्डं काही काळाने बाहेर जातात, २०२३ मध्ये तो काळ दोनवरून तीन वर्षांवर नेला, तरी वाइल्डकार्ड टाकण्याआधी सेट किती जुना आहे ते बघा. अजून एक, अरीनावर एका डावाच्या सामन्यात पहिला हात देताना लँडचं प्रमाण थोडं सांभाळून दिलं जातं, तीन डावांच्या सामन्यात नाही. तिथे १९-२० लँडवर चाललेला डेक खऱ्या कार्डांनी टेबलावर खेळायला घेतलात तर दोन लँड वाढवूनच घ्या.

२१. पावसाळ्यात फॉइल कार्डं वाकली, डेकमध्ये चालतील का?

मुंबई-कोकणातून दर जूनला हा प्रश्न येतो. घरी चालतील. स्पर्धेत, पिसलेल्या डेकमध्ये मागून बघून कुठलं कार्ड आहे ते ओळखू येत असेल तर ते मार्क केलेलं कार्ड धरतात, आणि वाकलेली नेमकी तुमची फॉइल लँड असेल तर डेक कापताना बोट आपोआप तिथेच जातं, तुमच्या मनात काही नसलं तरी. साधी नॉन-फॉइल बेसिक घाला, फॉइल बाइंडरमध्ये ठेवा, डब्यात सिलिका जेलची पुडी टाका. सगळ्या डेकला एकाच पाकिटातले स्लीव्ह वापरा आणि एखादा फाटला तर बदलायला चार-पाच जास्तीचे जवळ ठेवा.